उत्तरेश्वरची पिशवी आणि साळिंदराचे काटे

"काटा तूच खोवलास माझ्या वळचणीला!"

"मी कशाला खोवू? रोज सकाळी तुमचं तोंड बघते, तेवढं टोचतं तेच पुरे!"

धायरीत तेव्हा सगळी शेतं होती. मी नवी सून, भिंतीला कान लावून ऐकत होते. शेजारच्या गोदाबाई थोरल्या, बायडाबाई धाकट्या, जावा-जावा. साळिंदराचा काटा घरात आला की भांडण लागतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोघींनी त्या दिवशी अबोला धरला. पुढं शेतं गेली, बिल्डिंगा आल्या, दोघींना एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी फ्लॅट मिळाले. अबोला त्यांनी सामानाबरोबर वर नेला.

हे आठवायचं कारण आमचा उत्तरेश्वर. गावच्या ग्रंथालयातला शिपाई. बीडकडून कारखान्यात कामाला म्हणून आला, कारखाना बंद पडला, हा ग्रंथालयात टिकला. संध्याकाळ झाली की खांद्याला कापडी पिशवी लावून निघतो. ज्यांचे गुडघे जिना चढत नाहीत, ज्यांना अभ्यासिकेतल्या पोरांमधून जायला लाज वाटते, अशा बायकांना घरी पुस्तक नेऊन देतो. मी दुसरी शिकलेली. मला मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणतो आणि म्हणतो, "आज्जी, हे घ्या, ह्यात सासू लवकर मरती." माणसाची आवड ओळखून असतो मेला.

फेरीतलं शेवटचं काम ठरलेलं. गोदाबाईंचं वाचून झालेलं पुस्तक घ्यायचं आणि शेजारच्या दारात बायडाबाईंना द्यायचं. हात लांब केला तर पोचेल एवढं अंतर, पण पुस्तक जायचं ते उत्तरेश्वरच्या पिशवीतूनच.

गेल्या हिवाळ्यात ग्रंथालयात एक प्रदर्शन आलं. कॅनडात समुद्रकाठी राहणारे तिथले मूळचे लोक आहेत, मिकमाक म्हणतात त्यांना. त्यांच्या हातच्या वस्तू पुण्यातल्या लहान-लहान ग्रंथालयांतून फिरत होत्या, आठवडाभर आमच्याकडं. ग्रंथालयाचा अध्यक्ष विश्वजीत, वयानं माझ्या नातवाएवढा. माझ्यासमोरच उत्तरेश्वरला म्हणाला, "लास्ट चान्स. लोक आले तर ठीक, नाहीतर वरचा हॉल अभ्यासिकेला देणार आणि तुझी पिशवी बंद. बायका ऑनलाइन वाचतील."

"गोदाबाई ऑनलाइन?" मी विचारलं. त्यानं फोन कानाला लावला. वाजलेला नव्हता.

उत्तरेश्वरनं खोकी स्वतः वर नेली, आणि उघडल्यावर लहान पोरासारखा नाचायला लागला. झाडाच्या चिवट पट्ट्यांच्या टोपल्या, मणी जडवलेल्या बायकांच्या टोकदार टोप्या, आणि भूर्जाच्या सालीचे डबे. डब्यांवर रंगवलेल्या साळिंदराच्या काट्यांची नक्षी, लाल-पिवळी-निळी, रेशमासारखी चमकणारी. तिकडचं साळिंदर म्हणे झाडावर चढतं! हा गडी त्याच संध्याकाळी दारोदार ओरडत फिरला, "माय, उद्या यायलाच पाहिजे! साळिंदराचे काटे आलेत! हजारो काटे!"

दारं लागली. आतून कड्यासुद्धा.

मी गेले. मालक कधीच वर गेले, मुलगा वाघोलीला. माझ्याशी भांडायला घरात आहे कोण? रोज खुर्ची टाकून बसायचे. आणखी यायची ती अभ्यासिकेतली दोन पोरं, मोबाइल चार्ज करायला.

विश्वजीत आला. "फुटफॉल काय? किती लोक आले आज?"

उत्तरेश्वरनं माझ्याकडं बोट केलं. "आज्जी."

"आणि काल?"

"ह्याच."

विश्वजीत गेला. उत्तरेश्वर खाली मान घालून पिशवीची शिवण कुरवाळत बसला. मला बघवेना. मग एकदम उठला. "आज्जी! ज्यांचं आधीच भांडण झालंय, त्यांना काटा काय करणार?" आणि धावला की अनवाणी!

गोदाबाईंना जाऊन सांगितलं, "धाकट्या म्हणायल्यात, थोरल्या भितात." बायडाबाईंना सांगितलं, "थोरल्या म्हणायल्यात, धाकटी भिती." एक लिफ्टनं उतरली, दुसरी जिन्यानं, आणि पदर खोचून दोघी एकाच काचेसमोर उभ्या राहिल्या. समोर डबा. झाकणावर आठ टोकांची नक्षी.

गोदाबाई काचेला म्हणाल्या, "चांदणी हाय."

बायडाबाईही काचेलाच म्हणाल्या, "चांदणी कसली? कमळ हाय. रांगोळीत घालतो तसं."

"रांगोळी आणि तुला?"

"तुमच्याच शेजारी घालत होते! तुम्हीच पायानं पुसायच्या!"

इतक्या वर्षांचं साठलेलं, धरण फुटावं तसं सुटलं. उत्तरेश्वर आधी मधे पडायला गेला. मग थबकला, वळला, आणि त्यानं हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

समोरच्या बाल्कन्या भरल्या. "अगं, जावा बोलायला लागल्या!" जिन्यात चपलांचा खच पडला. बायका आल्या त्या भांडण ऐकायला, पण डोळे काय एका जागी राहतात? कुणी टोप्यांपाशी थांबली, कुणी टोपलीची वीण निरखायला लागली. नक्षीवरून तर हॉलमध्ये दोन पार्ट्या पडल्या. उत्तरेश्वरनं पाटी वाचली, "आठ टोकांचा तारा."

"बघ!" गोदाबाई म्हणाल्या.

"पाटी कुणीबी लिहील. करणारणीला विचारा."

गोदाबाई झाकणाकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "करणारणीची बोटं किती टोचली असतील गं."

तो 'गं' सगळ्यांनी ऐकला.

"न्हाई तर काय," बायडाबाई म्हणाल्या. "पण कमळच हाय."

तेवढ्यात विश्वजीत वर आला. पाऊल ठेवायला जागा नाही. "उत्तरेश्वर! अरे, हे ग्रंथालय आहे का भाजी मार्केट?"

"साहेब," उत्तरेश्वर म्हणाला, "फुटफॉल."

आठवडा संपेस्तोवर हॉल भरलेला. पिशवीचं नाव पुन्हा विश्वजीतनं काढलं नाही.

जावा बोलल्या त्याच संध्याकाळी फेरीत मीही उत्तरेश्वरच्या मागं गेले. राहवतंय कुठं? गोदाबाईंनी दार उघडलं. आत सोफ्यावर बायडाबाई, हातात चहाची बशी.

उत्तरेश्वरनं वाचून झालेलं पुस्तक घेतलं आणि घुटमळला. "मग... इथंच देऊ का ह्यांना?"

"इथं कशाला?" गोदाबाई कडाडल्या. "तिच्या दारात दे. रोज देतोस तसं."

बायडाबाईंनी बशी खाली ठेवली, चपला घातल्या, स्वतःच्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. उत्तरेश्वरनं पुस्तक पिशवीत टाकलं, दोन पावलं चालला, बेल वाजवली.

दार उघडलं. "आलास व्हय?" बायडाबाई म्हणाल्या. "आज उशीर केलास."