घाडींचा मधला श्वास

घाटकोपरच्या भटवाडीत दत्ताराम घाडींना नुसती वेळ विचारली, तरी उत्तरात कबड्डी यायची. तरुणपणी ते चढाईला गेले की समोरचे गडी कंटाळून आपणहून बाद होत, असं ते स्वतः सांगत. पुढे मरोळला एका कारखान्यात फरश्या घासता घासता दगडाची धूळ छातीत बसली. साठीनंतर जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबत आणि तिथल्या लोकांची विचारपूस करत. माणूस किती मनमिळाऊ, असं आम्हांला वर्षभर वाटत होतं.

शेजारचा सुयोग अंधेरीत जाहिरातींना चाली लावतो. टीव्हीवरच्या नव्या कबड्डी स्पर्धेचं गाणं त्याला मिळालं. ढोलांबरोबर त्याला खेळाडूच्या तोंडचा 'कबड्डी कबड्डी' हवा होता. ऐकताच घाडी इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

"डॉक्टर काय म्हणालेत?" बायकोने, जयाने, आठवण करून दिली.

"तो कधी खेळलोहा काय?"

स्टुडिओत सुयोग म्हणाला, "काका, आरामात. तुकड्या-तुकड्यात घेऊ, मी जोडतो. कोणाला कळणार पण नाही."

"माका कळतला ना. मधी श्वास घेतलंय तर मी बाद रे."

घाडींनी मांडीवर थाप मारली आणि सुरू केलं. ओठ निळे पडत गेले, पण इतकं सुंदर जमत होतं की थांबवायचं कोणाला सुचलं नाही. दम संपेपर्यंत त्यांनी नेलं. मग कापड फाटावं तसा एक श्वास आत ओढला आणि माइकसकट खाली कोसळले.

तिथून इस्पितळ, मग घरी ऑक्सिजनचं यंत्र.

गाणं तुफान गाजलं. पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन त्यांच्या खोलीत जमलो. टीव्हीवर घाडींचा 'कबड्डी कबड्डी' घुमू लागला. मध्येच ढोल थांबले, तो फाटका श्वास आला आणि कबड्डी पुन्हा सुरू झाली. सुयोगला पडतानाचा श्वास इतका आवडला होता, की त्याने तो उचलून गाण्याच्या मध्यावर बसवला होता.

"अंगावर काटा येतो ना, काका?"

घाडींनी हातातला पेढा खाली ठेवला. "साऱ्या देशासमोर बाद केलंस रे माका."

सुयोगचा चेहरा पडला. त्याने तो श्वास काढायची खटपट केली, पण चॅनेलवाल्यांना नेमका तोच हवा होता. रोज गाणं लागलं की घाडी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. स्पर्धा संपायच्या आतच ते गेले.

भेटायला येणारे म्हणत, "काकांचा आवाज अमर झाला हो."

जया प्रत्येकाला बसवून घ्यायची. "आवाज ह्यांचाच. पण मधला तो श्वास तिथला नाही. दम पूर्ण करून, रेघ ओलांडून परत आल्यावर घेतलाय तो. मध्ये घेतला नाही ह्यांनी. नीट ऐका, मी लावते परत."