आरशातला हात

तेरावं उलटून गेलं तरी मनवा बंगळूरला परत गेली नव्हती, आणि रमाकांत टिपणीसांच्या घशात एक वाक्य अडकून बसलं होतं. ते मुलीला सांगावं की स्वतःबरोबर सरणावर न्यावं, एवढा एकच प्रश्न आता त्यांना उरला होता. घरातले बाकीचे सगळे प्रश्न पद्मजाबाईच सोडवत असत, आणि त्या आता नव्हत्या.

भोईवाड्यात टिपणीसांना सायकलवाले काका म्हणूनच ओळखत. विमा कंपनीत हयातभर कारकुनी केली ती फोर्टात, आणि परळहून फोर्टात रोज सायकलवर गेले. मुंबईत सायकल हाणणारा पांढरपेशा माणूस दिसला की लोकांना वाटतं, एक तर हा इडलीवाला असेल नाहीतर वेडा. टिपणीसांच्या कॅरिअरला इडलीचं पातेलं कधीच नव्हतं, त्यामुळे त्यांची गणना कशात होई ते सांगायला नको. निवृत्त झाल्यावर तरी घरी बसतील की नाही? छे! गिरगावात एका गल्लीत वडिलांच्या वेळचं जुनं वाचनालय होतं, ते सकाळी उघडायचं काम यांनी मागून घेतलं. वाचायला येणार चार म्हातारे, तेही पेपरपुरते. पण किल्ली यांच्या खिशात, म्हणजे जणू सगळं गिरगावच यांच्यावाचून कुलूपबंद राहणार होतं. लालबागच्या पुलाखालून, चिंचपोकळी, सात रस्ता, लॅमिंग्टन रोड असा रोजचा रस्ता. ऊन असो, पाऊस असो, गणपतीतली गर्दी असो, त्यात खंड नाही.

आणि रोज निघताना एक नेम होता. टिपणीसांची गल्ली सरळसोट. खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी गल्लीकडे तोंड करून. गल्लीच्या टोकाला नाक्यावर पोचले की ते थांबत, एक पाय जमिनीला टेकवत, सायकलीसकट वळत आणि वर बघत. पद्मजाबाई गॅलरीत असत. त्या हात करत, हे हात करत, मग त्या आत जात आणि हे पुढे. लग्न झाल्यापासून हे चाललं होतं. आजूबाजूच्यांनी थट्टा करकरून शेवटी थट्टाही सोडून दिली होती.

मग मानेनं दगा दिला. मणक्यात काहीतरी झिजलं आणि मागे वळून बघायला गेलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. लालबागच्या पुलाखाली एकदा मागून येणारी टॅक्सी बघायला म्हणून मान वळवली, तोल गेला आणि टॅक्सीवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून वाचले. गुडघा सोलवटला. घरी आल्यावर पद्मजाबाईंनी जखमेवर हळद दाबली, आणि दाबता दाबताच फर्मान काढलं.

"अहो, मान वळत नाही तर निदान आरसा तरी बसवा. नाहीतर ती सायकल मी स्वतः भंगारवाल्याला देईन, आणि वर त्याला चहा पाजेन."

आरसा त्यांच्याच हट्टानं आला, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

दादरच्या सायकलवाल्यानं, धनेशनं, उजव्या हँडलला फुगीर काचेचा छोटा गोल आरसा बसवून दिला. म्हणाला, "काका, याच्यात गाडी लांब दिसते, पण लांब नसते हां. दिसली की आली समजायची." आठवड्याभरात टिपणीस परत गेले आणि डाव्या बाजूलाही एक बसवून घेतला, कारण डावीकडून कोणी पुढे घुसू नये हा नियम मुंबईत मोटारसायकलवाल्यांच्या गावीही नाही. म्हातारपणी माणसाला एखादं खेळणं मिळालं की तो किती वाहवतो ते त्या चार म्हाताऱ्यांना विचारा. पेपर बाजूला ठेवून त्यांना रोज आरशावर व्याख्यान ऐकावं लागे. पुढे बघता बघता नजर अधूनमधून आरशावर कशी टाकायची, बस आली की आरसा आधी लाल कसा होतो, पेव्हर ब्लॉकवर आरसा थरथरतो तेव्हा काय करायचं. "डोक्याला मागनं डोळे फुटल्यासारखं झालंय," असं ते सांगत. गल्लीतली मुलं म्हणत, "काका, भांग पाडायला लावलाय काय?" टिपणीसांच्या डोक्यावर भांग पाडण्याजोगं काही शिल्लक नव्हतं, तरी ते खुशीनं हसत.

नाक्यावर आता थांबायचं कारण उरलं नाही. नाका आला की अंगठ्यानं उजवा आरसा थोडा वर उचलायचा, त्यात गॅलरी येई आणि गॅलरीत नखाएवढी पद्मजा. डावा हात उंच करायचा, आरसा परत खाली, की निघाले. चाक थांबायचंच नाही. पहिल्या दिवशी दुपारी घरी आले तर बाईंनी विचारलं, "आज वळला नाहीत?"

"आरशात दिसलीस की."

"मी दिसले हो तुम्हाला. तुमचं तोंड कुठे दिसलं मला?"

"या वयात तोंड बघून काय करायचंय," असं टिपणीस म्हणाले आणि दोघंही हसले. बाईंना त्याचीही सवय झाली. त्यांना सगळ्याचीच सवय होत असे.

त्या दिवशी सकाळी चहा घेताना बाई म्हणाल्या, छातीत जरा जळजळतंय. त्यांना जिभेखाली धरायच्या गोळ्या डॉक्टरांनी देऊन ठेवल्या होत्या आणि त्या टिपणीसच आणून देत, तेव्हा त्यांना कळायला हवं होतं. पण आदल्या रात्री वालाचं बिरडं झालं होतं. "काल बिरड्यावर ताव मारलास, दुसरं काय होणार," एवढं बोलून त्यांनी किल्ली खिशात टाकली. बाईंनीही पुढे काही म्हटलं नाही. 'त्यांची वाचनालयाची वेळ' म्हणून आपलं दुखणं मागे ठेवायची रीत त्यांना कोणी शिकवली होती कोण जाणे.

नाक्यावर अंगठ्यानं आरसा उचलला. बाई गॅलरीत होत्या. हात हलत होता. टिपणीसांनी आपला हात उंच केला. एरवी यांचा हात दिसला की त्या आपला खाली घेत आणि आत वळत. आज त्यांचा हात हलतच राहिला. टिपणीसांना गंमत वाटली. आज बाईसाहेब भलत्याच खुशीत दिसतात, असं मनात आलं आणि त्यांनी पुन्हा एकदा हात केला. तेवढ्यात मागून पाण्याचा टँकर हॉर्न कोकलत आला, त्यांनी आरसा खाली केला आणि वळण घेतलं.

आपल्याकडे माणसाला बोलावतात ते हात पालथा धरून, बोटं खालीवर हलवून. जवळून बघणाऱ्याला त्यात काही घोटाळा होत नाही, कारण तोंड दिसतं, डोळे दिसतात. नखाएवढ्या बाईला तोंड नव्हतं. होता तो फक्त हलणारा हात, आणि इतक्या वर्षांत त्या हाताचा त्या जागी एकच अर्थ होता.

वाचनालयात पंखा लावतात न लावतात तोच फोन वाजला. खालच्या मजल्यावरचा निलेश होता. "काका, काकू पडल्यात गॅलरीत. आम्ही हॉस्पिटलला आणलंय, तुम्ही या." हॉस्पिटल घरापासून हाकेच्या अंतरावर. टिपणीस सायकल तिथेच टाकून टॅक्सीनं आले, तोवर सगळं आटोपलं होतं. एक पोरसवदा डॉक्टर म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं." असली वाक्यं त्यांना कोण शिकवतं, आणि ती ऐकून माणसानं पुढे काय करायचं असतं, तेही जरा शिकवावं.

संध्याकाळी मनवाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असताना टिपणीस गॅलरीत गेले. कठड्याशी जिभेखालच्या गोळ्यांची पट्टी पडली होती. एक गोळी काढलेली. म्हणजे बाईंना दुखणं कळलं होतं, त्यांनी गोळी घेतली होती आणि मग त्या गॅलरीत आल्या होत्या. हात खाली का येत नव्हता ते टिपणीसांना तिथे उभ्या उभ्या समजलं. त्यांनी बोलावलं होतं, आणि यांनी हात हलवून टाटा केलं होतं. तेही दोनदा. त्यांनी पट्टी खिशात घातली.

रात्री मनवा पोचल्यावर समोरच्या इमारतीतल्या सरोजिनीताई भेटायला आल्या. मनवाला जवळ घेऊन रडत रडत म्हणाल्या, "भाग्याची गं तुझी आई. मी कपडे वाळत घालताना बघितलं ना. शेवटपर्यंत नवऱ्याला टाटा करत होती. तेही वळणावरनं हात करत होते. असं मरण मागून मिळत नाही."

वाईट हेतू काडीचाही नव्हता त्या बाईचा. पण गोष्ट गोड होती, आणि गोड गोष्टीला मुंग्या लागायला वेळ लागत नाही. दोन दिवसांत अख्ख्या भोईवाड्यात ती पसरली. भेटायला येणारा प्रत्येकजण ती सांगे आणि शेवटी टिपणीसांकडे वळून विचारी, "हो ना हो?" टिपणीस मान डोलावत. दर वेळी मान डोलावताना आपण पद्माला पुन्हा गॅलरीत तशीच सोडून पुढे निघून जातोय, असं त्यांना वाटे.

मनवाची गोष्ट वेगळी होती. आदल्या रविवारी आईचा फोन आला तेव्हा ती कसल्याशा गडबडीत होती. 'नंतर करते गं' म्हणून तिनं कट केला होता आणि मग राहूनच गेलं. पोरीनं त्यावर स्वतःला इतकं खाल्लं होतं की तिसऱ्या दिवसापर्यंत तिच्या पोटात अन्न ठरेना. ती उठून जेवायला बसली ती सरोजिनीताईंच्या गोष्टीच्या आधारानं. मैत्रिणींना फोनवर ती तेच सांगे. आई खुशीत होती गं, हसत गेली. टिपणीस बाहेरच्या खोलीत बसून ऐकत आणि घशातलं वाक्य गिळत.

निघायच्या आदल्या दुपारी बॅग भरता भरता तिनं विचारलं, "बाबा, आई कशी दिसत होती हो तेव्हा? हसत होती?"

गिळण्यालाही एक हद्द असते.

"मनू, मला तिचं तोंड दिसलं नाही. आरशात बघितलं मी. ती टाटा करत नव्हती गं. ती मला बोलावत होती."

मनवा हातातली साडी तशीच धरून उभी राहिली. आईचीच साडी होती. "कशावरून?"

त्यांनी सांगितलं. हात खाली आला नाही ते सांगितलं, गोळ्यांची पट्टी सांगितली, आपण खुशीत दुसऱ्यांदा हात केला तेही सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना त्यांना वाटत होतं की ती ओरडेल, किंवा येऊन गळ्यात पडेल. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. साडीची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही. तुलाच सांगितलं."

"मला का सांगितलंत?"

"खरं ते तुला कळायला हवं."

"मला कळायला नको होतं, बाबा. तुम्हाला एकट्याला सोसवेना म्हणून सांगितलंत." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्यापाशी तिचं तेवढंच होतं."

ती म्हणाली ते बरोबर होतं. सांगितल्यावर मन मोकळं होतं म्हणतात. त्यांचं मन होतं तिथेच होतं, फक्त आता पोरीचंही त्यात अडकलं होतं.

दारावर टकटक झाली. सरोजिनीताई प्रवासासाठी पुऱ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मनवाच्या पाठीवरून हात फिरवला. "जपून जा गं बाळ. आणि रडू नकोस हो. आईला आठवायचं ते तसं आठव. शेवटपर्यंत कशी टाटा करत होती... हो ना?"

मनवानं डबा हातात घेतला. बापाकडे तिनं बघितलं नाही.

"हो मावशी," ती म्हणाली, आणि मान डोलावली.