गोलूचा क्रॅश कोर्स

माझा नातू अडीच वर्षांचा असताना पाळणाघरात नापास झाला, आणि त्याचा क्लास मी घेतला होता.

तसं पाहिलं तर तिथे पास-नापास असं काही नव्हतंच. इंदुरात पलासिया भागातल्या ज्या पाळणाघरात गोलू दिवसभर असतो, तिथल्या प्रीतीताई अधूनमधून प्रत्येक मुलाला निवांत न्याहाळतात. चालतं कसं, बोलतं किती, सांगितलेलं कळतं का, इतर मुलांत मिसळतं का. कुठे काही मागे पडतंय असं वाटलं तर वेळीच डॉक्टरांना दाखवता येतं. साधी, शहाणपणाची गोष्ट! पण आमची सून सायली ऑफिसातून आल्या आल्या म्हणाली, "बाबा, पुढच्या हफ्त्यात गोलूचं स्क्रीनिंग आहे," आणि माझे कान टवकारले. मी जन्मभर कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवलंय. स्क्रीनिंग म्हणजे मोठ्या परीक्षेआधीची चाळणी, हे मला झोपेतही ठाऊक आहे.

"सिलॅबस काय?" मी विचारलं.

"सिलॅबस?" सायली पर्स ठेवता ठेवता थांबली. "अहो बाबा, त्या बस बघणार आहेत. ठोकळे रचतो का, रंग ओळखतो का, दोन पायांवर उडी मारतो का. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

"मी कुठे घेतोय? ते गोलूनं घ्यायचं."

"पोराला खेळू द्या जरा!" आमची सौ. स्वयंपाकघरातून ओरडली.

"सुमन, खेळून कुणाची रँक आलीय?" मी म्हणालो. (आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. तेव्हापासून घरात हुकूम सोडणारे पुष्कळ झाले, ऐकणारा अजून जन्मायचाय.)

दुसऱ्या दिवसापासून क्लास सुरू झाला. सायली आणि माझा मुलगा घरी यायच्या आत, गोलूला पाळणाघरातून आणलं की थेट सतरंजीवर! आधी रंग, मग नाक-कान-डोळे, मग उडी, शेवटी टाळ्या. बरोबर उत्तराला चिमूटभर शेव. (इंदुरात याहून मोठी स्कॉलरशिप नाही.) शिवाय माझ्या क्लासचं खास तंत्रही मी त्याला दिलं: प्रश्न पूर्ण व्हायची वाट बघायची नाही, त्याआधीच उत्तर ठोकून द्यायचं! पोरगं हुशार. मी नुसता घसा खाकरला तरी "लाल! पिवळा! निळा!" म्हणून हात पुढे करायचं. मला अभिमानानं भरून यायचं.

स्क्रीनिंगच्या दिवशी मी दाराच्या काचेबाहेर उभा राहिलो. प्रीतीताई गोलूसमोर मांडी घालून बसल्या आणि हसून म्हणाल्या, "गोलू, आज काय खाल्लं..."

"लाल! पिवळा! निळा!" गोलू गरजला.

"अरे वा! बरं, हा चेंडू कुणाला..."

"नाक! कान! डोळे!"

प्रीतीताईंनी ठोकळे पुढे सरकवले. गोलूनं त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता दोन पायांवर उडी मारली, स्वतःच टाळ्या वाजवल्या आणि हात पसरून म्हणाला, "शेव!" मी काचेवर टकटक करून ओरडलो, "उडी नंतर! आधी ठोकळे!" ते ऐकून गोलू आणखी जोरात उडाला. त्याचं बघून शेजारची मुलगी उडाली, तिचं बघून तिचा भाऊ. बघता बघता सगळं पाळणाघर उड्या मारत शेव मागू लागलं! प्रीतीताईंनी दाराचा पडदा ओढून घेतला.

संध्याकाळी त्यांनी सायलीला फोन केला. "सायलीजी, घाबरू नका. पण तो विचारलेल्याचं उत्तर देत नाही, पाठ केल्यासारखं बोलतो. एकदा कानांच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ, ठीक आहे ना?"

फोन ठेवून सायली तिथेच बसली. "मी दिवसभर बाहेर असते म्हणून असं झालं का हो बाबा?" तिचे डोळे भरून आले. तिची समजूत घालायला मी घसा खाकरला.

"लाल! पिवळा! निळा!" आईच्या मांडीवरून गोलू ओरडला आणि माझ्याकडे हात पसरला. "आबा, शेव!"

सुमन उठली, माझ्या खिशात हात घालून तिनं शेवेची पुडी बाहेर काढली आणि सायलीपुढे धरली. सायली आधी रडत हसली, मग हसत रडली, मग मात्र नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला अजून आठवतं.

सकाळी तिनं प्रीतीताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी आम्ही त्याला पुन्हा बघतो, आरामात. बस, अंकलजींना आणू नका." काही दिवसांनी त्यांनी सायलीला आणि सुमनला बोलावलं. (मी रस्त्यापलीकडे पोहे खात उभा होतो, पण शेवटी राहवलं नाही, आत गेलोच.)

"एकदम मस्त आहे हो तुमचा गोलू!" प्रीतीताई सांगत होत्या. "रोज बाहुल्यांना ओळीत बसवतो, चमचा रोखून म्हणतो, इकडे बघ! पुन्हा कर! शाब्बास! बोलणं, समज, कल्पना, सगळं छान. बस एक बात आहे. दुसऱ्याचा नंबर येऊच देत नाही. घरी असं कोणी आहे का?"

सायलीनं सभ्यपणे खाली बघितलं. सुमननं माझ्याकडे बघितलं.

"मग रोज थोडा वेळ चेंडू खेळा," प्रीतीताई मला म्हणाल्या. "एकदा त्याचा नंबर, एकदा तुमचा. मध्ये बोलायचं नाही हां, अंकलजी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं सतरंजीवर समोरासमोर बसतो. गोलूला ते लगेच जमलं. काल मात्र माझा नंबर यायच्या आधीच मी चेंडू ओढला. गोलूनं तो शांतपणे परत घेतला, माझ्या खिशातली शेव काढून स्वतः खाल्ली आणि चमचा माझ्यावर रोखून म्हणाला, "आबा, पुन्हा कर!"