कौसाआत्याची सही

कौसाआत्याविषयी मी लोकांना पुष्कळ सांगते. तिची चेनवाली पिशवी, तिचं हसणं, तिने पाहिलेली गावं. एक गोष्ट तेवढी गाळते. नवऱ्यालाही ती ठाऊक नाही. आज लिहायला बसले आहे — आणि दोनदा कागद बाजूला सारून झाला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, लेकरूबाळ नाही. पुसेगावात आमच्या शेजारीच राहायची. वर्षभर लोकांच्या शेतात निंदण-खुरपण, आणि सुगी सरली की पिशवी भरून निघायची. पूर्णा गावच्या बायकांचा एक गट होता. त्यांच्याबरोबर तिने बोधगया पाहिली, सारनाथ, कुशीनगर, पार नेपाळातली लुंबिनीसुद्धा. अक्षर एक येत नव्हतं. डब्यातल्या माणसांना विचारून स्टेशनं ओळखायची.

आणि मी? आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. हिंगोलीला एसटीने रोज जाऊन-येऊन शिकले, बहुतेक वेळा उभ्याने. त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण हिंगोलीपुढे मी पाहिलं काय — परभणी. एकदा. परीक्षेपुरतं.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचायचा मान माझा होता. पांढरी साडी नेसून खणखणीत वाचायचे. आणि एखाद्या गावाचं नाव आलं, की मागून आवाज —

"थांब माय जरा. ते झाड म्या पायलंय."

झालं! पेंगणाऱ्या बायका जाग्या. "सांग की वं कौसाबाई!" मग आत्या सांगायची — पिंपळाचं पान गळालं की लोक कसे धावतात, आणि ती एका गोऱ्या बाईच्या आधी कशी धावली. "ती म्हणे सॉरी, म्या म्हणलं सॉरी-बिरी न्हाई, पान माझं!" सगळा विहार हसायचा. मी ओळीवर बोट ठेवून बसलेली. कधी कधी अर्धा तास. बोट दुखायचं — खरंच दुखायचं. पुन्हा वाचायला लागले की कुणीतरी म्हणायचंच, "आता आवर बाई, सैपाक राह्यलाय."

जळत होते मी. दुसरा शब्द कशाला शोधू? मला कॉलेजात घालायला हीच आत्या वडिलांशी भांडली होती — "पोरीला काहून घरी बसवता?" हे ठाऊक होतं. ठाऊक असून जळत होते.

सही तिला मीच शिकवली. आधी पाटीवर. मग ती चुलीपुढच्या राखेत गिरवायची, परातीतल्या पिठात गिरवायची. कौसाबाई — चार अक्षरं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा पूर्णेहून अंतर्देशीय पत्र आलं. गट श्रीलंकेला निघाला होता. बोधगयेच्या पिंपळाची फांदी तिथे नेऊन लावली, तिचं झाड अजून उभं आहे, हे तिने विहारातच ऐकलं होतं — माझ्याच तोंडून. तेवढं एक झाड पाहायचं अन् मग घरी बसायचं, असं ती कित्येक वर्षं म्हणायची. पत्रात लिहिलं होतं: कौसाबाई, तुमची जागा धरून ठेवली आहे, पासपोर्टचे कागद भाचीकडून करून घ्या.

भाचीकडून. म्हणजे माझ्याकडून.

ती ओट्यावर समोर बसली होती, पदराला हात पुसत. "काय म्हणतेत वं?"

मी ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं — "यंदा जागा भरल्या. पुढच्या साली पाहू."

आधी ठरवलं नव्हतं. पण जीभ अडखळलीही नाही, हे सांगायला हवं.

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "भरू दे. त्यांची बी काही तकलीफ असंल. लिही — पुढच्या साली मला इसरू नका म्हणाव."

मी लिहिलं. लिहिलं हे, की माझा जीव आता प्रवासातून उठला, घरीच बरं वाटतं, यापुढे बोलावू नये. आणि कागद तिच्यापुढे सरकवला. जीभ दातात धरून तिने चार अक्षरं काढली.

"बराबर आली का माय?"

"बराबर आली," मी म्हणाले.

पुढच्या साली पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. पोस्टमनची सायकल दिसली की ती दारात यायची. विहारात मधे बोलणं तिने हळूहळू सोडलं. मी सलग वाचू लागले. बायका पेंगायच्या. हेच हवं होतं का मला?

ती गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला पूर्णेच्या बायका आल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने पिशवीतून ते पत्र काढलं. "आमी तर जागा धरली होती. तिनंच नको म्हणून कळवलं. ही बघा सही." पत्र हातोहात फिरलं. अक्षर माझं, यात कुणाला नवल नव्हतं. तिची पत्रं मीच लिहायचे. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण ती सही ते ओळखायचे. त्यांनी कागद डोळ्यांना लावला. "थकली होती माय. सांगितलं न्हाई कुणाला."

मग पत्र माझ्या हातात आलं. सगळे बसले होते. मी घडी घालून ते पुढच्या बाईला दिलं.

आत्याच्या आयुष्यावर बोलायचा मानही माझाच होता. मी उठले आणि खणखणीत बोलले. शेवटी म्हणाले, "अखेरीला आत्याचा जीव प्रवासातून उठला होता."

पुसेगावात आजही तिची आठवण निघाली की लोक हेच सांगतात. मी तिथे असले तर मान हलवते.