हिलाल नानांनी समुद्राकाठी खणलेला झिरा

हिलाल नानांना वाळूतलं पाणी कळायचं; कुठं खड्डा खणला की झिरा लागेल, ते नेमकं सांगायचे. आमचं गाव तापीकाठी, शिरपूरच्या अलीकडं. पात्र आटलं की नाना वाळूत टरबुजांची वाडी करायचे. पुढं ट्रकवाल्यांनी वाळूच उचलून नेली, वाडी गेली, आणि नाना दुसऱ्यांच्या केळीला पाणी भरू लागले. तरी चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन त्यांच्याच दारी यायच्या, "नाना, झिरा कोठे खंदाना?" तेवढा एक मान उरला होता. तो मी घालवला, म्हणून हे लिहितोय.

साल अठ्ठ्याऐंशी. मी भूगोल घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे गावापुरता सर्वज्ञ. दिवाळीनंतर एसटी ठरवून आम्ही पस्तीस माणसं निघालो. उकाईचं धरण, मग गुजरातच्या समुद्रकाठचं डुमस, उभराट, दांडी. माहिती सांगायचं काम माझ्याकडं. उकाईला मी धरणाची उंची चुकीची सांगितली. कुणाला कळलं नाही, त्यामुळं हुरूप वाढला. डुमसची काळी वाळू नानांनी तळहातावर चोळली आणि "हाई कामनी नही" म्हणून टाकून दिली, जणू खरेदीलाच आले होते.

उभराटच्या पुढं सुरूच्या झाडीत वाळूच्या टेकड्या लागल्या. सगळे लहान झाले. धुरपदाबाईनं तर लुगडं खोचून घसरगुंडी केली. मग तहान लागली, आणि कळलं की टपावरचा पाण्याचा ड्रम वाटेतच कलंडून रिकामा झालाय. नानांची बायको ताईबाई डोकं धरून सावलीला बसली.

नाना टेकडीमागच्या खोलगट जागी उकिडवे बसले आणि हातांनी वाळू उकरू लागले.

"नाना, काय हारपनं?" मी विचारलं.

"पानी शे आठे."

"शेच ना! तो दखा, एवढा मोठा समुद्र शे. मीठ बी संगेच!"

सगळे हसले. नाना मान वर न करता म्हणाले, "हास भो. रेती गार शे."

कोपरभर खोलीवर पाणी झिरपलं. नानांनी दोनदा गढूळ पाणी उपसून फेकलं, तिसऱ्यांदा ते निवळलं. आमच्याकडं झिरा खणणारा पहिली ओंजळ पीत नाही. ती दुसऱ्याला द्यायची. तो 'गोड' म्हणाला की मग बाकीचे. नानांनी ओंजळ माझ्यापुढं धरली.

"तू शिकेल शेस. तूच सांग."

मी प्यालो. गोड होतं. आमच्या तापीतल्या झिऱ्यासारखंच. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळलेली, हसायला तयार. मी पचकन थुंकलो.

"खारट!"

"नाना, आते मासा बी धरा!" आमच्यातला वना ओरडला. हशा पिकला. नानांनी एकदा स्वतः चाखायचं ना! नाही चाखलं. खारट म्हटल्यावर झिरा बुजवायचा, हीही रीतच. दोन्ही हातांनी वाळू ओढून त्यांनी तो बुजवला. ताईबाई उन्हात मैलभर चालत विहिरीवर गेली. दांडीला मी मिठाविषयी अर्धा तास बोललो. त्या दिवशी त्या विषयाला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात बाया आल्या त्या हसतच. "नाना, खारं त नही ना निंघी?" दोनदा नानांनी जागा दाखवली. तिसऱ्यांदा ते खाटेवरून उठलेच नाहीत. बाया झिऱ्याची जागा विचारायला गावातल्याच अभिमनकडं जाऊ लागल्या.

तीन वर्षांनी मला नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो तेव्हा ओट्यावर बसून सांगून टाकलं, "नाना, उभराटनं पानी गोड व्हतं. मी खोटं बोलनू."

नानांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. "दर्याना काठले गोड पानी? तूच त सांगं ना, समुद्र शे म्हनीसन."

"मायनी आण, नाना." पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगतं, हेही समजावलं. पुस्तकात मी ते नंतर वाचलं होतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "म्हतारानं मन राखस तू. बस शे."

मी पुन्हा सांगायला लागलो, तर त्यांनी घरात हाक मारली, "ताई, चहा ठेव. पोऱ्या साहेब व्हयना तरी किती मयाळू शे दख!"

ताईबाईनं माझ्या कपात साखर जास्त घातली. मी मान खाली घालून तो चहा पीत राहिलो.