नळातला वारा

त्या गावाला एके काळी लोखंडाच्या आवाजाने जाग यायची. आधी रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण सरकायचं, मग खांद्याएवढी उंच चावी व्हॉल्व्हवर ठणकन बसायची, आणि मग थोडा वेळ काहीच नाही. त्या शांततेत अख्खी गल्ली कान देऊन बसलेली असायची. बादल्या नळाखाली, बाया बादल्यांपाशी. कुठेतरी पाईप खाकरायचा आणि पाणी यायचं.

ती चावी ज्याच्या खांद्यावर असायची त्याला सगळे चावीवाला म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशीच काय ते बाहेर निघायचं. अंगाने वाळका, चालीने संथ, पण कामाचा ताठा असा की रजा म्हणून त्याने कधी घेतली नाही. ताप असला तर मफलर गुंडाळून निघायचा. गाव तहानलेलं ठेवून आपल्याला अंथरुणात ऊब यायची नाही, असं बायकोला ऐकवायचा.

गावाचा एक पक्का समज होता. पाणी टाकीतून येत असेल, पण किती यायचं ते चावीवाल्याच्या मनातून येतं. धार बारीक झाली की पहिला प्रश्न, त्याचं काय बिनसलं? शिंपिणीला वाटायचं, आपण त्याच्या सदऱ्याची बाही आखूड शिवली, त्याचा हा वचपा. पाववाल्याला वाटायचं, काल त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं ते त्याने मनात ठेवलं. एका मास्तरांकडे एकदा नळाला बदाबदा पाणी आलं, तर ते दारात उभे राहून त्यालाच विचारू लागले, माझ्याकडे काही काम होतं का?

तो नुसता हसायचा. पाण्याला उतार तेवढा कळतो, त्याला शिंपीण ठाऊक नाही की मास्तर ठाऊक नाहीत, असं घरी येऊन सांगायचा. बायको चहाचा कप पुढे सरकवत म्हणायची, "आणि तुम्ही नाक्यावरच्या व्हॉल्व्हला खाष्ट सासू म्हणता ते?" त्यावर तो कप तोंडाला लावायचा. कारण नाक्यावरचा व्हॉल्व्ह खरोखरच खाष्ट होता, गोंजारल्याशिवाय हलायचा नाही. आणि शाळेमागचा आळशी होता, यात तर त्याला तिळमात्र शंका नव्हती.

गाव टेकडीला टेकून बसलं होतं. सगळ्यात वरच्या टोकाला, जिथे रस्ताही दमून पायवाट होतो, तिथलं शेवटचं घर त्याच्या ताईचं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. लहानपणी तिनेच त्याला कडेवर खेळवलं, शाळेत पोचवलं, त्याचं नाक पुसलं नि मारही दिला. आणि त्या घराशी त्याचं बोलणं नव्हतं.

झालं होतं असं. आई शेवटच्या दिवसांत ताईकडे होती. एका सकाळी आईचं जास्त झाल्याचा निरोप आला तेव्हा तो खालच्या गल्ल्यांचं पाणी सोडत होता. एवढ्या दोन गल्ल्या उरकून जातो म्हणाला. उरकून चढ चढून गेला तर आई गेलेली. ताई दारात उभी होती. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "तू गावाला पाणी पाज." त्याच्या काळजात ते जे रुतलं, ते रुतलंच. आईचं सगळं आटोपल्यावर तो उतरला तो पुन्हा तो उंबरा चढला नाही.

चढ मात्र रोज चढायचा, कारण तोवर खालच्या गल्ल्यांबरोबरच सुटणाऱ्या वरच्या पाण्याला आई गेल्यावर लवकरच ताईच्या घरासमोर वेगळा, शेवटचा व्हॉल्व्ह बसला होता. तो वळणावर आला की ताईचं दार बंद व्हायचं. रोज. न चुकता. माझं तोंडही बघायला नको हिला, असं त्याच्या मनात यायचं. मग तोही मान खाली घालून चावी फिरवायचा आणि मागे न बघता उतरायचा. हे इतकी वर्षं चाललं की दोघांचेही केस पिकले.

मग एक दिवस त्याची नोकरी संपली. त्याच्या जागी पंपघरातला एक मदतनीस आला. जाडजूड, मितभाषी माणूस. चावीवाल्याने त्याला गावभर हिंडवून एकेक व्हॉल्व्ह दाखवला, कुणाचा स्वभाव कसा तेही सांगितलं. निरोपाला ऑफिसात दोन शब्द बोलले गेले, हार झाला, आणि चावी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सवयीने तो अंधारातच उठला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नळापाशी पाण्याची वाट बघत बसला. लांबून झाकण सरकल्याचा आवाज आला. चावी बसली. तो बसल्या जागी ताठ झाला. पाईप खाकरला आणि नळातून करंगळीएवढी धार आली.

त्याने नळ पुरता उघडला. धार तेवढीच.

"याच्या मनात काहीतरी आहे," तो म्हणाला.

बायको पीठ मळत होती. कुणाच्या, म्हणून तिने विचारलं. मग त्याने सगळी गोष्ट उलगडून सांगितली. काल चावी हातात देताना आपण म्हणालो, नीट धर, पाडू नकोस. चार माणसांत म्हणालो. ते त्याला झोंबलं. शिवाय हार आपल्याला मोठा आणि त्याला नुसतं फूल. ते त्याने धरून ठेवलं असणार, गप्प माणसं अशीच असतात. बोलता बोलता त्याच्या अंगात वारं भरत गेलं. बायकोने पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, एक सकाळ झाली फक्त," ती म्हणाली. "एवढ्यात शिंपीण झालात?"

तो चपला घालून बाहेर पडला. गल्लीच्या तोंडाशी नवा माणूस खड्ड्यावर वाकला होता. घामाने निथळत होता, व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकला होता. चावीवाल्याला बघताच तो उभा राहिला आणि दुखावल्या आवाजात म्हणाला, "सगळे दाखवलेत काका, नेमकी याची खोड सांगितली नाहीत. मुद्दाम ना?"

 हा व्हॉल्व्ह आधी थोडा उलटा फिरवावा लागतो, मग सुलटा. ते सांगायचं राहिलं होतं, कारण ते चावीवाल्याच्या डोक्यात नव्हतंच, हातात होतं. तो खाली बसला, चावी धरली, उलटी घेतली नि सुलटी फिरवली. जमिनीखालून पाणी धावत गेल्याचा आवाज आला. "तुला वाटलं मी मुद्दाम केलं," तो म्हणाला, "आणि मी तुझ्याशी भांडायला आलो होतो." दोघेही रस्त्यात बसून हसले. मग पुढचे व्हॉल्व्ह उघडायला तोही त्याच्याबरोबर निघाला.

चढ चढून वर आले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. आज उशीर झाला होता, म्हणून ताई दार उघडून ओसरीत येऊन बघत होती. नव्या माणसाने चावी लावली. आतून, मागच्या मोरीतून, तिच्या नळाची फुसफुस ऐकू आली. सापासारखी, लांबलचक.

ताईने नव्या माणसाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या चावीकडे पाहिलं, मग भावाच्या रिकाम्या हातांकडे.

"आज तू नाही सोडलंस पाणी?"

"कालपासून मी मोकळा झालो, ताई."

"मग हा नळ अजून तसाच का फुत्कारतोय?"

त्याने सांगितलं. तुझं घर शेवटचं आणि उंचावर. रोज पाईप रिकामा होतो, त्यात वारा भरतो. पाणी आलं की आधी तो वारा बाहेर पडतो. खाली नवी घरं जोडली गेली तेव्हापासून जोर कमी झाला, म्हणून फार वेळ लागतो. दुसरं काही नाही.

ताई पायरीवर बसली. "आई गेली त्याच उन्हाळ्यात धार बारीक झाली," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं बोललेलं तू मला परत करतोयस. रोज सकाळी."

 नव्या माणसाने शहाणपणाने चावी उचलली नि तो खाली उतरला. मग चावीवाल्याच्या तोंडून जे इतकी वर्षं तुंबलं होतं ते आलं. "आणि मी आलो की तू दार लावायचीस ते?"

"कुठलं दार?" ताईने आठवून पाहिलं. "अरे, त्या वेळी टेकडीवरचा वारा सुटतो. स्टोव्ह विझतो माझा."

 आत बादलीत पाणी पडू लागलं होतं.

ताई हळू म्हणाली, "एक सांगितलं नव्हतं तुला. त्या सकाळी नळ असाच फुसफुसला. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, आला माझा. मी म्हटलं, तो नाही आई, पाणी आलंय. तिने ऐकलंच नाही. तू आलास असं समजून गेली ती. चेहरा असा निवलेला होता." ताईने पदराने डोळे टिपले. "त्याचाच मला राग होता. तू नव्हतास आणि तरी तुझ्यामुळे ती शांत झाली. मी तिथे होते, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. तिने त्याचा हात धरला नाही, गळ्यात पडली नाही. उठली, आत गेली आणि तिथूनच म्हणाली, "बादली भरली बघ. उचल. माझी कंबर धरते हल्ली."

त्यानंतर ताई होती तोवर तो रोज सकाळी वर जायचा. दोघं मोरीच्या दाराशी पाटावर बसून पाण्याची वाट बघायची. खालच्या गल्ल्यांची उखाळीपाखाळी निघायची, लहानपणीचा मार निघायचा. नळ फुसफुसला की ताई म्हणायची, "बघ, आलास तू." आणि शेजारीच बसलेला तो म्हणायचा, "आलो."

आता ताई नाही. टेकडीवर मोठी टाकी झाली, घराघरात दिवसभर पाणी असतं, कुणी कशासाठी कान देत नाही. लोखंडाचा तो आवाजही गेला. पण कधीतरी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात आणि पुन्हा सोडतात, तेव्हा चावीवाल्याच्या मोरीतला नळ आधी फुसफुसतो. तो काठी शोधतो, खुर्चीतून उठू लागतो.

"बसा हो," बायको म्हणते. "वारा आहे."

"मला सांगतेस?" तो म्हणतो, आणि हळूहळू जाऊन नळापाशी उभा राहतो.