आजा टारपेडोवर होता

हे किस्से मी १९९४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ओळीने पाच शुक्रवारी, बहारीनमधील सलमाबाद येथे ऐकले. सांगणारे एकच : हसनचाचा, मूळ रत्नागिरीकडचे, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर टर्नर. वेळ जुम्म्याच्या नमाजानंतरची, जेवण आटोपल्यावरची. साक्षीदार गणपतदादा, संगमेश्वरचे, त्याच वर्कशॉपची पिकअप चालवणारे. मी इतिहासात एम. ए. करून एकोणिसाव्या शतकातील टॉर्पेडो जहाजांची माहिती जमवत होतो आणि महिनाभरासाठी बहारीनमध्येच माहूजला मामांकडे आलो होतो. एक किस्सा नोंदवून घ्यावा, तर त्याचे शेपूट धरून दुसरा हजर! पाचव्या शुक्रवारी वही संपली, चाचा संपले नाहीत.

चाचांचे आजोबा कासम अशाच एका जहाजावर खलाशी होते. जहाजाचे इंग्रजी नाव लांबलचक; खलाशी त्याला नुसते ‘टारपेडो’ म्हणत. याच समुद्रात फिरलेल्या एका टॉर्पेडो जहाजाच्या रोजनिशीची नक्कल मी मुंबईहून सोबत आणली होती. परंतु तिच्यात खलाशांची नावे नव्हती. आणि चाचांना नेमके तेच हवे होते.

“व्हिसा संपतो माजा,” चाचा म्हणाले. “महिनाअखेर कायमचा घरी. थोरला भाऊ चाळीस वर्षं गावात सांगतो, आजा टारपेडोवर नव्हताच, खाडी पार करायच्या तरीवर होता तरीवर! तू शिकलेला. एक कागद लिहून दे : आजा टारपेडोवर होता. खाली सही. खलास!”

“चाचा, पुराव्याशिवाय मला तसे लिहिता येणार नाही.”

“मी हाय ना पुरावा!”

“तुम्ही वंशज आहात. वंशज हा पुरावा धरत नाहीत.”

गणपतदादा चहा ओतत म्हणाले, “चाचा, नाद सोडा. हा पोरगा जन्माचा दाखला तपासल्याशिवाय वाढदिवसाचा केकसुद्धा कापत नसेल!”

*

टॉर्पेडो शत्रूवर सोडण्याचा प्रसंग त्या जहाजावर कधी आलाच नाही. (रोजनिशीही हेच सांगते.) त्यामुळे टॉर्पेडो घासून चकचकीत ठेवणे, हेच खलाशांचे युद्ध! चाचांच्या म्हणण्याप्रमाणे कासमआजा चिंच आणि राख लावून तो रोज घाशीत.

एकदा एक बडे साहेब तपासणीला आले. टॉर्पेडोत स्वतःचा चेहरा पाहून त्यांनी मिशा सारख्या केल्या आणि खलाशांच्या मुकादमाला, म्हणजे सारंगाला, विचारले, “युद्ध झाले, तर हा सोडाल ना?”

सारंग म्हणाला, “हुजूर, येवढा घासलेला माल दुश्मनाला कोण देतो?”

*

कवायतीत मात्र बिनदारूचा टॉर्पेडो सोडत. पहिल्या कवायतीला तो सरळ गेला, मग काय वाटले कोण जाणे, मोठे वळण घेऊन जहाजाकडेच परत फिरला! अधिकारी कठड्यापासून मागे पळाले. टॉर्पेडो जहाजाच्या अंगाला घासून थांबला.

सारंगाने वाकून पाहिले. “घाबरू नका साहेब. रोज घासणारा हात वळखतो तो!”

*

कवायतीचा नियम कडक होता. टॉर्पेडो सोडायच्या नळीतून सुटलेली वस्तू होडीतून परत आणायची, गोड्या पाण्याने धुवायची, सुकवायची, तेल लावायचे आणि पुन्हा नळीत ठेवायची. यात चूक झाली तर सारंगाची धडगत नसे.

एकदा टॉर्पेडो सापडेचना. संध्याकाळी मोती काढणाऱ्यांची एक होडी त्याला दोराने ओढत घेऊन आली. म्हातारा नाखवा सारंगावर वैतागून म्हणाला, “घ्या तुमचा मासा! दुपारपासून ओढतोय. एक कालव नाही त्याच्या पोटात, आणि वजन बघा!”

हा किस्सा ऐकताना मी विचारले, “नाखवा अरबी बोलला असणार. कासमआजांना ते समजले कसे?”

“शिव्या समजायला भाषा लागत नाय,” चाचा म्हणाले.

*

पाचव्या शुक्रवारी चाचांची बॅग दोरीने बांधून तयार होती. कागदाचा विषय त्यांनी काढला नाही. मला अपराधी वाटत होते. निघता निघता ते म्हणाले, “एक राहिला. पण ह्यो तू लिहू नको, आज्याची इज्जत जाईल.”

जहाजावर दमट हवा आणि एक चोरटे मांजर. सुके बोंबील टिकत नसत. कोरडी, झाकण घट्ट बसणारी जागा एकच : टॉर्पेडोची उजवी नळी! कासमआजांनी बोंबलांचे पोते तिथे ठेवले.

एका सकाळी कप्तानांनी अचानक हुकूम दिला : रिकाम्या नळीतून नुसत्या हवेच्या दाबाचा बार काढून दाखवा. आजा पेचात पडले. बोलावे तर नोकरी जाणार, न बोलावे तर बोंबील!

“फायर!”

पोते समुद्रावरून झेपावत गेले आणि लांब जाऊन तरंगू लागले. कप्तानांनी दुर्बीण लावली. “सारंग, ते काय आहे?”

“हुजूर, कायद्यानं नळीतून सुटला तो टारपेडो!”

मी हसलो नाही. पिशवीतून रोजनिशीची नक्कल काढली, पाने उलटली आणि एक नोंद वाचून दाखवली : कवायत झाली. उजव्या नळीतून टॉर्पेडो नव्हे, अन्य वस्तू बाहेर पडली. नियमानुसार होडीतून परत आणली, गोड्या पाण्याने धुतली, सुकवली, तेल लावून पुन्हा नळीत ठेवली.

चाचांनी नोंदीवर बोट ठेवले. मग म्हणाले, “तेल लावला? ता आजा बोलला नव्हता.”

ही नोंद चाचांनी कधी पाहिली नव्हती. मी तिथेच कोऱ्या कागदावर लिहिले : ‘कासम हे टॉर्पेडो जहाजावर होते.’ खाली सही केली, तारीख घातली. चाचांनी कागद पासपोर्टात ठेवला.

“आणि पुढे?” गणपतदादांनी विचारले. “धुतलेल्या, तेल लावलेल्या बोंबलांचं काय झालं?”

मी पान उलटले. दुसऱ्या दिवसाची नोंद एका ओळीची होती : जेवणाच्या घंटेआधी, कप्तानांच्या हुकमावरून, उजवी नळी पुन्हा उघडण्यात आली.

का उघडली, हे तिथे लिहिलेले नाही. आणि तेवढा भाग मला आजतागायत पडताळून पाहता आलेला नाही.